दोन विहिणी, एक रान

आमच्या वाचनालयात दुपारच्या वेळी येणाऱ्या बायका मला अजून विचारतात, "खरंच विहिणीसंगं जंगलात राहून आलाय व्हय? आणि भांडान न्हाई झालं?" झालं की! चांगलं दोनदा झालं. एकेकीला उभ्या उभ्या सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी या वाटेनं जावं, आणि ज्यांना विहीण आहे त्यांनी तर नक्कीच जावं.

मूळ मुद्दा असा. माझी मुलगी प्रियांका आणि हौसाबाईंचा मुलगा बिरदेव पुण्यात एकाच कंपनीत नोकरीला. आमचं गाव आष्टा, घरचा ऊस. त्यांचं म्हसवड, घरची मेंढरं. लग्नाला दोन्हीकडून कुणाचाच नकार नव्हता, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. अडलं ते मांडवाच्या जागेवर. लग्न सिद्धनाथाच्या दारात लागणार, असं हौसाबाई म्हणाल्या. लेकीचं लग्न माहेरच्याच मांडवात, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, आणि मी तर ऐकणाऱ्यातली नाहीच. शेवटी पोरं कंटाळली, पुण्यात सह्या करून मोकळी झाली आणि आम्हा दोघींना संध्याकाळी फोटो आला. अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच. तेव्हापासून आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं. "बरं हाय का?" "बरं हाय." संपलं.

यंदा प्रियांकाला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला आणि त्याच आठवड्यात प्रश्न उभा राहिला, डोहाळजेवण म्हसवडला की आष्ट्याला? पुन्हा तेच. तेव्हा पोरीनं दोघींना एकदम फोन लावला.

"आम्ही दोघांनी जंगलफेरीची परवानगी काढली होती," ती म्हणाली. "आता मला चालायचं नाही. आमच्या जागी तुमची नावं घालून घेतलीत. तुम्ही दोघी जा. चालता चालता ठरवा आणि येताना एकच उत्तर घेऊन या. नाहीतर मी इथंच हॉटेलात मैत्रिणींना बोलावून उरकून घेते. मग तुम्हाला पुन्हा फोटोच येतील."

पोरगी माझीच आहे. बोलते ते करते. म्हणून दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तशी, मी पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर सॅक अडकवली. आमचे 'हे' फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ती सॅक अशी भरली की जणू मला सरहद्दीवर पाठवायचंय. दोरी, शिट्टी, बुटाचं पॉलिश! ते अंघोळीला गेल्यावर मी निम्मं सामान काढलं आणि त्या जागी भरल्या वांग्यांचा डबा बसवला.

वाडा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, जिथं सह्याद्री कोकणात उतरायच्या आधी एकदा छाती काढून उभा राहतो, तिथं हे जंगल आहे. पाटणहून जीप वर चढत गेली तसतसा ऊस मागं राहिला, मग भातखाचरं मागं राहिली, आणि शेवटी रस्ताच मागं राहिला. पुढं एक धनगरवाडा, पाच-सात घरांचा. फेरी इथूनच सुरू होते आणि माथ्यावरच्या सपाट सड्यावरून, खालच्या रानातून फिरून परत इथंच येते.

हौसाबाई माझ्या आधीच पोचल्या होत्या. नऊवारी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि पायात मुलानं आणलेले भगव्या नाड्यांचे बूट. मला बघून उठल्या, पदर सावरला. "बसा विहीणबाय." मी म्हटलं, "आधी तुमी बसा." "न्हाई, आधी तुमी." आम्ही दोघी बराच वेळ उभ्याच राहिलो. आमचे वाटाडे बाबूराव, चाळिशीतला हसरा माणूस, चहाचे कप हातात धरून बघत होते. चहावर साय आली.

बाबूरावही धनगर, पण गवळी धनगर, म्हशी पाळणारे. हौसाबाईंनी गोठ्यात जाऊन पाहणी केली आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "मेंढरं न्हाईत?"

"हितल्या पावसात मेंढरू कुजून जाईल, मावशी," बाबूराव म्हणाले. "आमी म्हशीतलं."

"म्हशीमागं काय चालायचं? ती बसली की तुमी बी बसा."

"आमचं ह्ये तसंच करत्यात," आतून बाबूरावांची बायको म्हणाली आणि सगळा गोठा हसला.

रात्रीच्या जेवणाला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ताक. आमच्याकडं ताक म्हणजे दह्यात पाणी. इथलं ताक वाटीत ओतताना थांबत थांबत पडतं. पोटभर जेवून मी विषय काढला. "मग विहीणबाय, डोहाळजेवणाचं कसं करायचं?"

"म्हसवडला करायचं."

"पयल्यांदाचं म्हायेरीच करत्यात."

"कुनी सांगितलं? आमच्याकडं सासरी करत्यात."

"हे बघा, प्रियांका माझी लेक हाय."

"आनि पोटात हाय ते कुनाचं नातवंड हाय?"

हे पहिलं भांडण. आवाज फार चढला नाही, कारण परक्या घरात होतो. पण हौसाबाईंनी घोंगडं उचललं आणि माझ्याकडं पाठ करून झोपल्या. मीही कूस बदलली. आपण इथं का आलो, या विचारात मला झोप लागली.

सडा

सकाळी सड्यावर चढलो आणि रुसवाबिसवा सगळा विसरायला झालं. डोंगराच्या माथ्यावर एवढा सपाट माळ असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तांबडा-काळा कातळ, मधूनमधून वाळलेलं सोनेरी गवत, आणि चारी बाजूंना निळ्या डोंगरांच्या रांगा. खाली कोयनेच्या अंगाला धुकं साचलं होतं. वारा असा की पदर कमरेला खोचावा लागला. मी मोठ्यानं "अगं आई गं!" म्हटलं आणि माझा आवाज कुठल्या कुठं गेला.

हौसाबाईंची तर कळाच बदलली. माण तालुक्यातल्या उघड्या माळावर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. ढांगा टाकत पुढं निघाल्या, आणि मी मागून फुप्फुसं हातात घेऊन पळतेय. आम्ही उसातली माणसं. आमचं चालणं म्हणजे घर ते बांध आणि बांध ते घर. वाटेत आवळ्याचं झुडूप लागलं. आवळा खाऊन झऱ्याचं पाणी प्यालं की गोड लागतं, हे काय नवीन नाही, पण तिथं लागतं तसं घरी लागत नाही.

पुढं एका वळणावर बाबूराव एकदम थांबले आणि हात आडवा केला. गवे. वाटेपासून फार लांब नाही. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि पुढचा तर आमच्या उसाच्या ट्रॉलीएवढा. "हलू नगा," बाबूराव कुजबुजले. "बोलू नगा. आपसूक जातील."

मी श्वास धरला. आणि शेजारून आवाज आला, "हिर्रर्र... ह्यो! ह्यो! चला माजी बाय, व्हा म्होरं!"

हौसाबाई! वाटेत जनावर आडवं आलं की त्याला हाकायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की गवा काय आणि मेंढरू काय. सगळ्या कळपानं माना वर केल्या. पुढचा नर दोन पावलं आमच्याकडं आला, नाकातून फुस्स केलं. बाबूरावांचा चेहरा पांढरा पडला. मी मनातल्या मनात सिद्धनाथाला म्हटलं, देवा, लग्न तुझ्या दारात होऊ दिलं नाही याचा राग आता काढू नकोस. गव्यानं बराच वेळ आमच्याकडं बघितलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळला आणि सगळा कळप घेऊन उतारावर गेला.

"ऐकतंय बगा," हौसाबाई म्हणाल्या. "गरीब हाय बिचारं."

बाबूराव खाली बसले. त्यांना पाणी पाजावं लागलं.

दुपारी रानाच्या कडेला एका सपाट खडकावर जेवायला बसलो. मी माझं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी त्यांचं सोडलं. बाजरीच्या भाकरी, खरडा, लसणीचं तिखट. आता जेवायचं की नाही? पण विहिणीनं विहिणीच्या आधी घास घ्यायचा म्हणजे काय!

"घ्या विहीणबाय."

"तुमी सुरू करा."

"आवं, आमची वांगी तरी चाखा."

"आधी आमची भाकरी मोडा."

"असं कसं? तुमी मुलाकडच्या. मान तुमचा."

"तुमी वयानं मोठ्या. मान तुमचा."

"मी कुठली मोठी? तुमीच मोठ्या."

हा वयाचा मुद्दा आम्ही जरा तपशिलात नेला. कोण कितव्या दुष्काळात जन्मलं इथपर्यंत गेलो. तेवढ्यात झाडावरून काहीतरी धप्पकन पडलं. माकडं! एकानं भाकरीची चवड उचलली, दुसऱ्यानं वांग्यांचा डबा पोटाशी धरला, तिसरं खरड्याचं फडकं घेऊन फांदीवर जाऊन बसलं. बाबूराव धावेपर्यंत खडक स्वच्छ. वर मात्र अजिबात आग्रह चालला नव्हता. सगळे एकदम जेवत होते.

खरडा खाल्लेल्या माकडानं जे तोंड केलं, ते बघून हौसाबाईंना हसू फुटलं. त्या हसताहेत म्हणून मला फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. बाबूरावांनी त्यांच्या शिदोरीतल्या भाकरीचे तीन भाग केले, आणि हौसाबाईंनी आपला तुकडा घेऊन पटकन तोंडात घातला. "मान गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "खावा, न्हाईतर ह्ये बी जाईल."

रान

जेवल्यावर वाट खाली उतरली आणि रान सुरू झालं. मी जंगल म्हणजे बरीच झाडं, एवढंच समजत होते. हे तसं नाही. इथल्या झाडांना कुणी कधी हात लावलेला नाही. एका जांभळीला आम्ही तिघांनी हात धरून मिठी मारली, तरी हात पुरले नाहीत. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. शेकरू एका फांदीवरून दुसरीवर उडी मारताना दिसलं, तांबूस शेपूट मागं लोंबत होतं. खाली ओल, थंडावा, आणि उजेड हिरवा. मला इतकं बरं वाटलं की मी पुढं पुढं चालायला लागले.

मागं बघितलं तर हौसाबाई थांबलेल्या. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, चेहरा उतरलेला.

"काय झालं, विहीणबाय?"

"आभाळ कुटं गेलं?" त्या हळू म्हणाल्या. "मला काय दिसंना झालंय. आलो कुटनं, जायाचं कुटं... जीव गुदमारतोय बगा."

गव्याला हाकणारी बाई ही. पण खरंच होतं त्यांचं. ज्यांना जन्मभर दहा कोसांवरचा डोंगर दिसत आलाय, त्यांना चार पावलांपलीकडचं दिसेना. मला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. उभ्या उसात शिरलं की आभाळ नसतंच. लहानपणापासून आम्ही उसात असेच फिरलोय, पुढच्या माणसाच्या आवाजावर.

"वर बघू नगासा," मी म्हटलं. "माझा पदर धरा आणि माझ्या पाठीकडं बघा. आणि बोलत ऱ्हावा. उसात आमी असंच करतो. आवाज आला म्हंजे माणूस हाय."

"काय बोलू?"

"काय बी."

त्यांनी पदर धरला. आधी मेंढरांचं बोलल्या. मग बिरदेव लहानपणी कोकराला शाळेत घेऊन गेला होता, ते सांगितलं. मग बराच वेळ नुसतीच पानं वाजत राहिली. मी म्हटलं, "बोला की."

"विहीणबाय," त्या म्हणाल्या, "मला जागेचं काय न्हवतं बगा. सिद्धनाथ काय म्हसवडातनं कुटं पळून जातोय व्हय? एकुलतं एक पोरगं माजं. तेच्या डोसक्यावर चार दानं टाकायचं ऱ्हायलं. लोकांच्या लगनात अक्षता टाकती, तवा रडू येतंय मला. ह्यो हात रिकामाच ऱ्हायला असं वाटतंय."

मी मागं वळले नाही. माझे डोळे भरले होते, आणि पायाखाली मुळं होती.

"माझं बी तेच हाय," मी म्हटलं. एवढं बोलायला आम्हाला दोन वर्षं आणि एक जंगल लागलं.

संध्याकाळी वनखात्याच्या निवाऱ्यात पोचलो. बाबूरावांनी चूल पेटवली, मी खिचडी टाकली. आणि जेवताना दुसरं भांडण झालं.

"म्हसवडलाच करू," मी म्हटलं. "तुमचा हक्क हाय."

"न्हाई न्हाई, आष्ट्याला. म्हायेरचं कवतिक म्हायेरीच."

"आवं, मी म्हणते ना म्हसवड!"

"आनि मी म्हनती आष्टा!"

"ऐकायचं म्हणून न्हाईच तुमाला."

"तुमी लय ऐकताय!"

"काल उलटं भांडत हुता न्हवं?" बाबूराव खिचडी वाढत म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते लाकडं आणायला निघून गेले. उत्तर काही ठरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या वाटेवरच्या खिंडीत प्रियांकाचा फोन लागणार होता.

राई

शेवटच्या सकाळी बाबूराव आम्हाला वाघजाई देवीच्या राईत घेऊन गेले. मोठ्या रानाच्या पोटात ही आणखी जुनी राई. बाहेरच चपला-बूट काढायचे. आत देऊळ नाही, एका भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेले दगड. इथलं काहीच बाहेर न्यायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा. खाली पडलेलं देवीचं.

पालापाचोळ्यातून अनवाणी चालताना पाय गार पडले, पण मन एकदम निवांत झालं. हौसाबाईंना आता रानाची भीती वाटत नव्हती. पदर मात्र त्यांनी सोडला नव्हता. त्या दगडांना हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग बाबूरावांना विचारलं, "हितं लगनं लागायची का वो?"

"लागायची की. माज्या आई-बाचं हितंच लागलं. एवढ्या वर कुनी भटजी यायचा न्हाई. वाड्यातलंच जानतं मानूस मंगलाष्टका म्हनायचं."

हौसाबाईंनी एकदा त्या झाडाकडं वर बघितलं. मग माझ्याकडं वळल्या. "विहीणबाय, रातचं तांदूळ हायती का शिल्लक?"

मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला कळलं. लगेच सॅक उघडली.

तांदूळ होते. मसाल्याच्या डब्यात हळद होती. ओंजळभर तांदळाला हळद चोळली. आता नवरा-नवरी? माझ्या पाठीवरची सॅक प्रियांकाची, आणि हौसाबाईंच्या हातातली काठी बिरदेवची, तो सुट्टीला आला की मेंढरांमागं घेऊन जायचा ती. सॅक झाडाला टेकवून उभी केली, तिच्यासमोर काठी. बाबूरावांनी आपला पंचा झटकला आणि मध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकांच्या त्यांना दोनच ओळी येत होत्या. त्याच त्यांनी गळा काढून फिरवून फिरवून म्हटल्या. तिसऱ्या फेरीला आम्हीही सूर लावला. झाडावर कुठलासा पक्षी शीळ घालत होता, तो थांबला.

"शुभमंगल... सावधान!"

पंचा बाजूला झाला. आम्ही अक्षता टाकल्या. भरपूर टाकल्या, मुठी रिकाम्या होईपर्यंत. तेवढ्यात काठी घसरली आणि सॅकच्या अंगावर पडली.

"उतावीळ हाय माजं पोरगं," हौसाबाई म्हणाल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं. मीही रडत होते, आणि इतकी आनंदात होते की काय सांगू. बाबूरावांनी पंच्यानं नाक पुसलं.

मग त्यांना एकदम आठवलं. "आवं, ह्ये तांदूळ! वनखात्याची सक्त ताकीद हाय, आत कायबी सांडायचं न्हाई."

"मग गोळा करू," मी म्हटलं.

"गोळा करून न्ह्यायचं कुटं? राईत पडल्यालं भाईर न्हेत न्हाईत."

आली का पंचाईत! ठेवावं तर सरकार रागावणार, न्यावं तर देवी. तिघं डोकी धरून बसलो. शेवटी हौसाबाईंनीच मार्ग काढला. पाचोळ्यातून एकेक दाणा वेचला, फुंकला, आणि तिथंच बसून आम्ही तिघांनी कच्चा कच्चा चावून खाल्ला. हळदीनं जिभा पिवळ्या झाल्या. लग्नाचं जेवण म्हणून वाईट नव्हतं, आणि आधी कोण सुरू करणार हा प्रश्न कुणीच काढला नाही.

दुपारी चढ चढून खिंडीत आलो. खाली वाडा दिसत होता, म्हशी दिसत होत्या, आणि हौसाबाईंना त्यांचं आभाळ परत मिळालं होतं. फोनला रेंज आली आणि पाठोपाठ प्रियांकाचाच फोन आला.

"ठरलं का? आष्टा की म्हसवड?"

मी तोंड उघडायच्या आत हौसाबाईंनी फोन काढून घेतला.

"पोरी, तुमचं लगीन लागलं."

"काय?"

"सकाळीच. देवीम्होरं. मी हुते, तुजी आई हुती. दोघींनी अक्षता टाकल्या. आता डोहाळजेवान तू म्हनशील तितं कर. हाटेलात म्हनलीस तर हाटेलात. आमी दोघी येतो."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि रडवेल्या आवाजात तिनं विचारलं, "आई, फोटो तरी काढला का गं?"

"न्हाई गं बाय," मी म्हटलं. "दोनी हातात अक्षता हुत्या."